साध्य व्याधी आणि शहराची परीक्षा

शहराच्या आरोग्यव्यवस्थेची थोरवी रुग्णालयांच्या मजल्यांवरून मोजू नये. चरकाचार्यांनी व्याधींचे साध्य-असाध्य भेद सांगितले. साध्य व्याधीने मृत्यू ओढवावा, हा व्यवस्थेचा दोष होय. १९७६ साली अमेरिकेत डॉ. डेव्हिड रुटस्टीन यांनी अशाच विचाराने ‘टाळता येण्याजोग्या मृत्यूं’च्या कसोटीचा पाया घातला. आज सामान्यतः ७५ वर्षांखालील असे मृत्यू मोजले जातात.

मात्र या आकड्याचे उत्तरदायित्व केवळ महापालिकेचे नव्हे. क्षयाचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येतो. खोकला २ आठवडे टिकूनही थुंकीची तपासणी न करविता वैद्यांनी काढे दिले, औषधविक्रेत्यांनी अवलेहाच्या बरण्या विकल्या, तर त्या मृत्यूत आपलाही वाटा ठरतो. व्यवस्थेस दूषण देण्यापूर्वी प्रत्येकाने आपली रुग्णनोंदवही उघडावी, असे आम्हांस वाटते.