उताराचा भरवसा एका आकड्यावर नको

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर कापला आहे. त्याचा अहवाल ग्रामसभेत वाचला गेला, तोही शेवटच्या ओळीपुरता : सेफ्टी फॅक्टर १.५, उतार सुरक्षित. माझी सारी नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली, म्हणून पूर्ण अहवाल मागून वाचला. अख्ख्या उताराची माती तपासायला दोन बोअर, आणि नमुने एप्रिलमधले.

सेफ्टी फॅक्टर म्हणजे डोंगराला धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर. तो १ च्या खाली आला की दरड सुटते. ओढणारं वजन बऱ्यापैकी नेमकं काढता येतं. धरून ठेवणारा जोर मात्र मातीची चिकटी, तिचं घर्षण आणि आत मुरलेलं पाणी यांवर ठरतो, आणि कोकणात या तिन्हींचा नेम नाही. वर जांभा, खाली मऊ माती, मग कुजलेला कातळ. दहा पावलांवर थर बदलतो. एप्रिलमध्ये या मातीचं ढेकूळ फोडायला हातोडी लागते. तेच रात्रभर बादलीत ठेवा, सकाळी तळाशी पेज झालेली असते. दरड कोसळते ती जुलैत. मग एप्रिलच्या ढेकळावर हिशेब कसा मांडायचा?

समजा, एका उताराचा सरासरी फॅक्टर १.५ आहे, पण माती इतकी कमीजास्त की प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, ०.४ येतं. दुसऱ्याचा फॅक्टर १.३, विचलन फक्त ०.१. आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे विखुरलेत असं धरून नेहमीच्या सांख्यिकी कोष्टकाने पाहिलं, तर पहिला कोसळण्याची शक्यता शंभरात दहा, दुसऱ्याची हजारात एखादी. तरी आपल्याकडे 'सुरक्षित'चा शिक्का मिळतो पहिल्याला.

१.५ मध्ये अनिश्चिततेची सोय आधीच केलेली असते, असं अभियंते सांगतात. ते खरं आहे. पण दोन बोअर घेतले तरी १.५ आणि वीस घेतले तरी १.५, हे कसं चालेल? जिथे माहिती तुटपुंजी, तिथे राखीव ताकद जास्त हवी. बोअर वाढवले तर खर्च वाढतो हेही मान्य. पण संरक्षक भिंत दोनदा बांधण्यापुढे तो किरकोळ आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. आपल्याला ठाऊक नाही, या गोष्टीचा अर्थ आपण 'धोका नाही' असा लावला. एकाच आकड्याच्या अहवालात नेमकी हीच चूक होते.

म्हणून माझी मागणी आहे : बोअर किती, नमुने कोणत्या महिन्यातले, ते भिजवून तपासले की नाही, पाण्याची पातळी कुठे धरली आणि कोसळण्याची शक्यता किती, हे प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर मराठीत छापा आणि ग्रामपंचायतीत लावा. बोअर बुजवण्याऐवजी त्यात पाणी मोजायची नळी सोडा, म्हणजे पावसाळ्यातलं पाणी अंदाजाने धरावं लागणार नाही.

आमच्या कापाच्या माथ्यावर एक भेग आहे. मे महिन्यात मी तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, तेव्हा अंतर ४० सेंटीमीटर होतं. काल मोजलं, ४३ भरलं. खाली अकरा घरं आहेत. ती भेग कुणी जाणकाराने येऊन पाहावी, आणि तोवर जोराच्या पावसाच्या रात्री त्या घरांतल्या माणसांची सोय शाळेत करावी.

— एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, ता. चिपळूण