‘एनएस-१ पॉझिटिव्ह’; पण धोका किती?

शहापूर : तापाच्या रुग्णाचा ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’ असा अहवाल हाती पडला, की कुटुंबाचा धीर सुटतो, ‘निगेटिव्ह’ आला, की सारे निर्धास्त होतात. वस्तुतः या चाचणीवरून आजाराची तीव्रता ठरत नाही. शहापूर-मुरबाडच्या विखुरलेल्या पाड्यांत हा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

एनएस-१ हे डेंग्यूच्या विषाणूने बाधित झालेल्या पेशींतून रक्तात मिसळणारे प्रथिन. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत ते प्रामुख्याने सापडते. त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी अधिक उपयुक्त ठरते. थायलंडमधील बालरुग्णांच्या २००२ मधील अभ्यासात, पहिल्या ७२ तासांत हे प्रथिन ज्यांच्या रक्तात अधिक होते, त्यांच्यात रक्तस्रावी डेंग्यूचे प्रमाण जास्त आढळले. हेच प्रथिन रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते आणि त्यातून द्रव पाझरू लागतो, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले.

मात्र, रॅपिड किट ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. प्रमाण सांगत नाही. शिवाय पूर्वी डेंग्यू होऊन गेलेल्यांच्या शरीरातील प्रतिपिंडे या प्रथिनाला जखडून ठेवतात आणि चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. गंभीर आजाराचा धोका नेमका दुसऱ्या संसर्गातच अधिक असतो.

डेंग्यू आता केवळ शहरी आजार राहिलेला नाही. भातसा, तानसा धरणांतून मुंबईची तहान भागविणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरवर विसंबून असतात. तेथे पिंपांत साठविलेले स्वच्छ पाणी एडिस डासांच्या पैदाशीला पोषक ठरते. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयातून रुग्णाला ठाणे-कल्याणकडे हलवावे लागले, तर प्रवासात जाणारा वेळ निर्णायक ठरतो.

त्यामुळे खरी परीक्षा ताप उतरताना असते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची सुस्ती दिसल्यास रुग्णालय गाठणे अत्यावश्यक आहे. प्लेटलेटबरोबरच रक्ताचा दाटपणा दर्शविणारे हिमॅटोक्रिट पुनःपुन्हा तपासावे लागते. किटचा पुरवठा वाढविणे आवश्यकच आहे. पण ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस आशा कार्यकर्तीने रुग्णाच्या घरी जाऊन विचारपूस करण्याची व्यवस्था झाली, तर ती त्याहून मोलाची ठरेल.