कारवानी कुत्रा कोणी पाळावा?

विलायती ग्रामजीवनाची वर्णने वाचताना फेरेट नावाचा एक पाळीव प्राणी भेटतो. दिसायला मुंगसासारखा, पण कुळ निराळे. शिकारी त्याला सशाच्या बिळात सोडतो. ससा भेदरून दुसऱ्या तोंडाने बाहेर उसळतो आणि तेथे टपून असलेला कुत्रा त्याला धरतो. या कामी कुत्रा चपळ तर हवाच, पण त्याहून अधिक संयमी हवा. बाहेर डोकावणाऱ्या फेरेटलाच त्याने ससा समजून धरले, म्हणजे सारा खेळ आटोपला!

आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या माळांवर फेरेटला काही कामच नाही, कारण आपला ससाच वेगळा. विलायतेतला तो ससा बिळात राहतो, त्याची पिले आंधळी व उघडीवाघडी जन्मतात. आपला रानससा बीळ खोदीत नाही. तो गवतात अंग चोरून बसतो; पिले जन्मतःच केसाळ, डोळे उघडलेली. संकट आले की त्याची सारी भिस्त पायांवर. त्याच्या मागावर कुत्रा हवा तो नाकाने हुंगणारा नव्हे, डोळ्याने हेरून वाऱ्यासारखा सुटणारा. असा कुत्रा आपल्या पूर्वेस मुधोळच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आहे. निमुळते तोंड, खोल छाती, बारीक कंबर, लांब पाय. आपण त्याला कारवानी म्हणतो. मुधोळ संस्थानचे मालोजीराजे घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहांना भेट दिली, असे सांगतात. २००५ साली तिचे टपाल तिकीटही निघाले.

पण ज्या कामासाठी ही जात घडली, ते काम आता उरलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार आज गुन्हा आहे, आणि त्यातील शिकारीच्या व्याख्येत नुसता कुत्रा मागे घालणेही येते. ससा हाती लागलाच पाहिजे असे नाही. घरच्या तरुण मंडळींना हे आधीच सांगून ठेवावे.

मग पाळावा कोणी? शेतावर वस्ती असेल, राखण हवी असेल आणि मोकळे धावायला कुंपणाची जागा असेल, त्याने खुशाल पाळावा. सैन्यानेही २०१६ साली या जातीची पिले प्रशिक्षणासाठी घेतली. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर मात्र नको. दिवसभर साखळीला बांधलेला कारवानी चिडखोर होतो. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला मुळीच खपत नाही. आणि काही पळताना दिसले, मग ती शेजाऱ्याची कोंबडी का असेना, की धन्याची हाक त्याच्या कानी शिरत नाही.

पिलू निवडताना त्याच्या रंगावर भुलू नये. आईबाप पाहावेत, चालताना व धावताना पाहावेत, अनोळखी माणसापुढे ते कसे वागतात हे पाहावे. मुधोळजवळ तिम्मापूर येथे पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. पैसे मोजण्यापूर्वी तेथे एक खेप अवश्य घालावी.