आचरा पंचक्रोशीतील घरगुती उत्पादक व ऑनलाइन विक्रेत्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
प्रत : अधीक्षक, डाक विभाग, महाव्यवस्थापक, जिल्हा उद्योग केंद्र, सहायक आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, व्यवस्थापक, जिल्हा अग्रणी बँक

महोदय/महोदया,

आचरा, चिंदर, त्रिंबक, वायंगणी, तोंडवळी या गावांतल्या घरांतून आमसूल, आगळ, आंब्याची साठं, मालवणी मसाला, कुळथाची पिठी, काजूगर आणि सुकी मासळी गावाबाहेर विकली जाते. पूर्वी हा माल चाकरमान्यांच्या पिशव्यांतून मुंबईला जायचा. आता मागणी फोनवर येते, पैसे यूपीआयने जमा होतात आणि माल पार्सलने निघतो. कायद्याने आमच्याकडून जे मागितले ते आम्ही केले आहे. उद्यम नोंदणी झाली आहे. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीची वर्षाला १०० रुपये फी आम्ही भरतो. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, तारीख छापतो. पुढे जे अडते ते आमच्या हातातले नाही. ते आजवर तोंडी मांडले आणि तोंडी आश्वासने मिळाली. आता लेखी मांडत आहोत आणि उत्तरही लेखीच हवे.

पहिला प्रश्न जीएसटीचा, आणि आमच्या मते सर्वांत मोठा. केवळ वस्तू विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-कॉमर्स पोर्टलवरून राज्याच्या आत माल विकणाऱ्यालाही ही मुभा मिळाली. पण करपात्र मालाचे एक पाकीट जरी राज्याबाहेर विकले, तरी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते आणि तिच्यामागोमाग विवरणपत्रे व हिशेबनिसाची फी येते. आचऱ्याहून नागपूरला जायला रात्रभराहून जास्त प्रवास पडतो, तिथे नोंदणीशिवाय माल पाठवता येतो. म्हापसा तीनेक तासांवर आहे, तिथे पाठवता येत नाही. आमचे नातेगोते, जेवण आणि बाजार गोव्याशी आणि बेळगावशी जोडलेले आहेत. हद्दीजवळच्या जिल्ह्याला हा नियम जेवढा जाचतो तेवढा मध्य महाराष्ट्राला जाचत नाही.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही. हाताने घडवलेल्या हस्तकलेच्या ठरावीक वस्तू राज्याबाहेर विकणाऱ्या कारागिराला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहेच. तीच सूट घरगुती खाद्यपदार्थांना, पोर्टलवरच्या विक्रीसह, मिळावी. अटी आम्हीच सुचवतो : माल विक्रेत्याने स्वतः केलेला असावा, अन्न नोंदणी चालू असावी, पॅन दिलेला असावा. हा निर्णय जीएसटी परिषदेचा आहे, हे आम्ही जाणतो. आपण तो प्रस्ताव शिफारशीसह राज्य शासनाकडे पाठवावा आणि पाठवल्याची प्रत आम्हाला द्यावी, एवढेच आपल्याकडे मागतो.

दुसरा प्रश्न पार्सलचा. खाजगी कुरिअरवाले वाडीवर येत नाहीत. चार पाकिटे पाठवायला वीसेक किलोमीटरवरचे मालवण किंवा पस्तीसेक किलोमीटरवरची कणकवली गाठावी लागते, त्यात अर्धा दिवस आणि नफ्याचा मोठा भाग जातो. देशातल्या प्रत्येक पिनकोडवर पोचणारे जाळे टपाल खात्याकडेच आहे. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आचरा बाजारपेठेतून एकत्रित पार्सल उचलण्याची सोय व्हावी. प्रत्येक फेरीला किमान २५ पार्सलांची हमी आम्ही देतो. सलग चार आठवडे ती पुरी झाली नाही, तर सेवा खुशाल बंद करावी, आमची तक्रार राहणार नाही.

आगळ आणि सुकी मासळी यांबाबत वेगळे सांगणे भाग आहे. ही पार्सले काउंटरवर नाकारली जातात. एक जण घेतो, दुसरा परत पाठवतो, कारण लेखी नियम कोणी दाखवत नाही. जवळा किंवा सुका बांगडा साध्या पिशवीत भरला तर दमट हवेत चार दिवसांत मऊ पडतो आणि वास खोक्याबाहेर येतो. नाकारणाऱ्याचे तेवढ्यापुरते चुकत नाही. पण तोच जवळा हवा काढून जाड पिशवीत सीलबंद केला आणि वर दुसरी पिशवी घातली, तर वास येत नाही. आगळाच्या बाटलीला आतले सील, भोवती पिशवी आणि बाहेर दुपदरी खोका असेल तर ती फुटत वा गळत नाही. असे बांधणीचे निकष डाक विभागाने मराठीत छापून फलकावर लावावेत आणि त्यांत बसणारे पार्सल नाकारू नये.

निकष आले की यंत्रही लागेल. हवा काढून सील करणारे व्यावसायिक यंत्र एकेका घराला परवडत नाही आणि वर्षभर लागतही नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा आचऱ्याच्या पिरावाडीतल्या बायका उन्हाळ्यात सुकवलेला साठा विकतात. त्या दोन महिन्यांवर त्यांचे गणित उभे असते. एक खोली, थ्री-फेज वीज, सील करण्याचे यंत्र, वजनकाटा आणि लेबल छापायचा प्रिंटर एवढे समाईक केंद्र आचऱ्यात व्हावे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत समाईक सुविधेसाठी ३५ टक्के अनुदानाची तरतूद केलेली आहे. उरलेली रक्कम जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून द्यावी. जागेसाठी ग्रामपंचायतीकडे आम्ही अर्ज करू आणि चालवण्याचा खर्च किलोमागे आकार घेऊन आम्हीच भागवू.

कर्जाचे हप्ते आमच्या हंगामाला धरून नाहीत. आमसुलासाठी लागणारे रतांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायच्या आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत डब्यात भरायच्या. पैसा त्या सहा-सात आठवड्यांत एकदम लागतो आणि वसूल होतो तो दिवाळीपासून पुढे. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, पण हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो. मार्च ते मे या काळात दिलेल्या कर्जाचा पहिला हप्ता नोव्हेंबरमध्ये पडावा, अशी सूचना अग्रणी बँकेने सर्व शाखांना द्यावी. मधल्या काळाचे व्याज भरायला आम्ही तयार आहोत.

आता गावपळणीबद्दल. श्री देव रामेश्वराचा कौल झाला की आचरा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहतो. माणसे, गुरे, कोंबड्या, सगळे बाहेर. त्या काळात पार्सल निघू शकत नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर वीज आणि नेटवर्क गेले, तेव्हाही निघू शकत नव्हते. पोर्टलची यंत्रणा मात्र उशीर मोजते, दंड कापते आणि दुकान यादीत खाली ढकलते. एकाच तऱ्हेच्या विक्रेत्यांना वेगळी वागणूक दिली जात असेल तर ती पोर्टलने उघड सांगावी, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० म्हणतात. ग्रामपंचायतीचे किंवा तहसीलदारांचे पत्र जोडले असेल तर ते दिवस उशिरात धरू नयेत, अशी शिफारस आपण उद्योग विभागामार्फत केंद्राकडे करावी. तहसीलदारांचे पत्र अर्ज केल्यापासून दोन दिवसांत मिळावे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कुठलाही माल या नावाने ऑनलाइन विकला जातो. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळागणिक सांकेतिक क्रमांकाचे स्टिकर लावून वाट दाखवली आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीची फी २०२० मध्ये १० रुपयांवर आली. अडते ते अर्ज भरण्यात. आचऱ्यात दोन दिवसांचे नोंदणी शिबिर घ्यावे.

या मागण्यांवर ३० दिवसांत आचरा येथे संयुक्त बैठक बोलवावी. वर प्रत दिलेल्या प्रत्येक कार्यालयाचा निर्णय घेऊ शकणारा अधिकारी तिला हजर असावा. आमच्याकडून पाच प्रतिनिधी येतील, त्यांत किमान तीन महिला असतील, आणि सभासदांच्या नोंदणीपत्रांच्या प्रती ते सोबत आणतील. पार्सल उचलणे, बांधणीचे निकष आणि शिबिर या तीन गोष्टींना वरची मंजुरी लागत नाही, असे आम्ही धरून चालतो. त्यांच्या तारखा त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवाव्यात.

आपले,
आचरा पंचक्रोशीतील घरगुती उत्पादक व ऑनलाइन विक्रेते