मान स्टेजवर, धन कधी?

८ मार्च जवळ आला की तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. स्टेज, मागे मोठा फ्लेक्स, मधे शाल-श्रीफळ घेतलेली एक ताई आणि दोन्ही बाजूंना पाहुणे. खाली ओळ ठरलेली, 'बचत गटाच्या महिलेचा सन्मान'. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो.

यंदा तो फोटो जरा झूम करून बघा. अगदी कडेला, माइकच्या वायरीजवळ, छातीशी रजिस्टर धरून आणखी एक ताई उभी असते. सत्काराच्या यादीत नाव तिनंच घातलेलं असतं, गाडी तिनंच ठरवलेली असते आणि गावातून बायका गोळा करून आणणारीही तीच. ती गावची सीआरपी असते, नाहीतर ग्रामसंघाची अध्यक्ष किंवा सचिव. आजचा विषय तीच आहे. कारण आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गरिबीशी रोजची झटापट करणारी जी यंत्रणा आहे, ती चालते अशा बायकांच्या जिवावर. त्यांना आपण नेमकं काय देतो, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ

'उमेद' हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान. २०११ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्याचं हे आपलं राज्यातलं रूप. पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांमध्ये यवतमाळ होतं. का होतं, हे वेगळं सांगायला नको. कापूस, कर्ज आणि शेतकरी आत्महत्या या तीन शब्दांपलीकडे बाहेरच्या जगाला आपला जिल्हा फारसा माहीतच नाही. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यातही यवतमाळ होतं. पॅकेज येतं आणि संपतं. ऐन पेरणीच्या तोंडावर घरात कुणी आजारी पडलं आणि पाच हजार रुपये लागले, तर ते कुणाकडे मागायचे, हा प्रश्न मात्र दर वर्षी तसाच असतो. सावकाराकडे, मायक्रोफायनान्सकडे की गटाकडे?

गट म्हणजे साधारण दहा-बारा बायका. ठरलेल्या दिवशी बैठक, बचत, आपसात कर्ज, त्याची परतफेड आणि सगळ्याचा लेखी हिशोब. ही झाली पंचसूत्री. गावातल्या गटांचा मिळून ग्रामसंघ आणि बऱ्याच गावांच्या ग्रामसंघांचा मिळून प्रभागसंघ. प्रत्येक पायरीवर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष असतात, आणि त्या बाहेरून नेमलेल्या नसतात. गटातल्याच बायका त्यांना निवडतात. कंपनीच्या भाषेत सांगायचं तर हे संचालक मंडळ. फरक एवढाच, की यातली संचालक सकाळी निंदणाला जाते आणि दुपारी बैठकीत लाखोंच्या निधीवर सही करते.

या मंडळाच्या हाताखाली काम करते ती सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती. नवीन गट बांधणं, रजिस्टर तपासणं, बँकेत खातं उघडून देणं, कर्जाची फाइल तयार करणं, हप्ता थकला की घरी जाऊन समजावणं, ही तिची कामं. सोबत बँक सखी, कृषी सखी, पशू सखी असतात. आपला जिल्हा १६ तालुक्यांचा. एका टोकाला उमरखेड, दुसऱ्या टोकाला वणी आणि झरी जामणी. केळापूर, झरीकडच्या कोलाम पोडांवर जायचं तर एसटी गावापर्यंतच, पुढे पायी. गटाची बैठक संध्याकाळी, कारण दिवसा सगळ्या शेतात. म्हणजे सीआरपी ताई घरी परतते ती अंधार पडल्यावरच.

स्टेजवर काय दिसतं?

आता अलीकडच्या दोन तारखा आठवा. २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यवतमाळला आले होते. राज्यातल्या साडेपाच लाख बचत गटांना ८२५ कोटींचा फिरता निधी त्या कार्यक्रमात देण्यात आला. भागाकार करून बघा, गटामागे सरासरी १५ हजार. सहा महिन्यांनी, २५ ऑगस्टला, जळगावात लखपती दीदी संमेलन झालं. देशभरातल्या ११ लाख नव्या लखपती दीदींचा तिथे गौरव झाला. देशात अशा ३ कोटी दीदी घडवायचं उद्दिष्ट तेव्हा होतं.

हे वाईट आहे का? अजिबात नाही. ज्या बाईचं नाव आयुष्यभर फक्त रेशन कार्डावर होतं, तिला स्टेजवर बोलावणं ही मोठी गोष्ट आहे. तिची मुलगी तो फोटो जपून ठेवते. पण लखपती दीदी कशी ठरते, ते बघा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख किंवा जास्त, आणि तेही एखाद्या वर्षीचं लागलेलं नशीब नको, टिकणारं हवं. हे मोजतं कोण? घरोघरी जाऊन शेती, शेळ्या, शिलाई मशीन, दुकान असं सगळं विचारून मोबाइलमध्ये भरणारी तीच ताई.

आता तिचं स्वतःचं गणित करू. २०२३ मध्ये राज्य सरकारनं सीआरपींचं मानधन महिन्याला ३ हजारांवरून ६ हजार केलं. दुप्पट वाढ, स्वागत करायलाच हवं. पण ६ हजार गुणिले १२ म्हणजे ७२ हजार. इतरांना लखपती करणाऱ्या ताईच्या हातात या कामातून वर्षाला एक लाखही पडत नाहीत. अजून एक तुलना. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ६ हजारांना त्यानं भागलं तर जेमतेम १९ दिवसांची मजुरी होते. सरकारी उत्तर असं, की हे पूर्ण वेळेचं कामच नाही, ठरावीक दिवसांचं आहे. कागदावर ते खरं आहे. पण २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा अर्ज भरून घेणाऱ्यांच्या यादीत अंगणवाडी सेविका आणि आशांच्या बरोबरीनं सीआरपीही होत्या. नवी योजना आली की पहिला फोन त्यांनाच जातो. मग ते 'ठरावीक दिवस' नेमके कुठे संपतात?

आणि हे झालं सीआरपीचं. ग्रामसंघाची अध्यक्ष, सचिव यांचं काय? त्या तर पदाधिकारी, पगाराचा प्रश्नच नाही. पण तालुक्याच्या बैठकीला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. हे बुडणं कुठल्याच रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही.

पुरस्कार मिळाला, पुढे काय?

असं आधीही झालंय. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना जागतिक पुरस्कार जाहीर केला. सगळ्या देशानं अभिनंदन केलं. त्यानंतर दीड वर्षात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप. शेवटी मार्च २०२४ मध्ये राज्यानं मानधनात ५ हजारांची वाढ केली. पुरस्कारानं आशांचं नाव जगभर गेलं, पण हातातले पैसे वाढले ते मैदानात बसल्यावर.

'उमेद'चाही असाच एक प्रसंग आहे, आणि तो जास्त बोलका आहे. २०२० मध्ये अभियानातल्या करार संपलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा नियुक्ती न देण्याचा निर्णय झाला. कंत्राटी माणसं गेली तर कर्मचारी आंदोलन करणार, हे आपण धरूनच चालतो. इथे रस्त्यावर उतरल्या त्या गटांतल्या बायका. ऑक्टोबरमध्ये राज्यात ठिकठिकाणी त्यांनी मूक मोर्चे काढले. सरकारच्या एखाद्या योजनेचे लाभार्थी त्या योजनेच्या कर्मचाऱ्यांसाठी मोर्चा काढतात, असं तुम्ही किती वेळा बघितलंय? यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या फ्रेममध्ये बसणार? पुढे २०२४ मध्येही मुंबईच्या आझाद मैदानावर 'उमेद'च्या महिला बसल्या होत्या, अभियानाला कायमस्वरूपी दर्जा द्या म्हणून.

दुसरी बाजूही ऐका

आता एक प्रामाणिक आक्षेप. काही जण म्हणतात, ही बायकांची स्वतःची संस्था आहे. सरकारनं सगळ्यांना पगार सुरू केला तर ती सरकारी कचेरी होईल. सीआरपी गटाला उत्तर देण्याऐवजी साहेबांना उत्तर देईल. शिवाय संघानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, हाच तर मूळ उद्देश होता.

या म्हणण्यात दम आहे. यंत्रणेचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे विश्वास. बचत गटांच्या बँक कर्जातली थकबाकी देशपातळीवर २ टक्क्यांच्या आसपास आहे. हे वसुली एजंटनं केलेलं नाही. शेजारची बाई आपल्यामुळे अडचणीत येईल, या भिडेनं आणि जिव्हाळ्यानं झालंय. ते नातं बिघडलं, तर मागे उरेल फक्त एक कार्यालय.

पण 'पगार नको' म्हणजे 'फुकट चालेल' असं होत नाही. केरळची कुटुंबश्री बघा. १९९८ पासूनचं काम, तिथेही महिला आपल्या संघाच्या पदाधिकारी निवडतात, आणि वरच्या पातळीवरच्या अध्यक्षांना मानधन मिळतं. म्हणून ती संस्था सरकारी कचेरी झाली नाही. प्रश्न पैसे द्यायचे की नाही हा नाहीच. कुणाच्या हातून, कशाच्या बदल्यात आणि किती वेळेवर द्यायचे, हा आहे.

मग खरा सन्मान कोणता?

मला यात चार गोष्टी दिसतात. एक, मानधन ठरलेल्या तारखेला. सहा हजार कमी आहेतच, पण तीन महिन्यांनी आले तर ते आणखी कमी होतात, कारण मधल्या काळात तिलाच उसनवारी करावी लागते. दोन, काम झालं की नाही हे ग्रामसंघानं तपासायचं आणि पैसेही त्याच्याच ठरावानं द्यायचे, म्हणजे उत्तर देणं गटाकडेच राहील. तीन, पदाधिकाऱ्यांना बैठकीचा भत्ता आणि प्रवासखर्च, निदान एका दिवसाच्या मजुरीइतका. चार, अभियानाबाहेरचं काम सांगायचं तर त्याचे पैसे आधी ठरवून.

यातली एकही गोष्ट फ्लेक्सवर छापण्यासारखी नाही, हे मान्य. 'या महिन्याचं मानधन ५ तारखेला जमा' अशा बातमीसोबत कुणाचा फोटो लागत नाही. कदाचित म्हणूनच ती होत नाही.

आणि यात आपण कुठे, असं वाटत असेल, तर तुमच्याच वर्गात बघा. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या मैत्रिणीची फी गटाच्या कर्जातून भरलेली असेल. एखाद्याची आई कोषाध्यक्ष असेल आणि रात्री कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात देत असेल. समाजकार्य किंवा ग्रामविकास शिकणाऱ्या तुमच्यापैकी काही जण उद्या याच अभियानात कंत्राटावर लागतील. तेव्हा हा प्रश्न 'त्या बायकांचा' राहणार नाही.

या दिवाळीत किंवा पुढच्या सुट्टीत गावी गेलात, तर ग्रामसंघाच्या एका बैठकीला जाऊन बसा. परवानगी विचारून, मागे, सतरंजीवर. सीआरपी ताईंना तीनच प्रश्न विचारा. मागचं मानधन कधी आलं? या महिन्यात किती दिवस काम केलं? त्यातलं कागदावर किती दिवस आलं? उत्तरं लिहून ठेवा. पुढच्या ८ मार्चला फोटो टाकाल, तेव्हा त्याखाली ती उत्तरंही टाका.

'मानधन' या शब्दात मान आधी येतो आणि धन नंतर, म्हणून आपण पहिल्या अर्ध्यावरच थांबलोय. रजिस्टर धरून उभी असलेली ताई उरलेल्या अर्ध्या शब्दाची वाट बघतेय.