कंपनीची टूर फुकट नसते, दुकानदार मंडळी!

खरीप आटोपला की आपल्या नांदेड-लातूरच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांच्या स्टेटसवर समुद्र दिसायला लागतो. बँकॉक, पट्टाया, दुबई. बियाणं-औषधाच्या कंपनीचं टार्गेट पूर्ण केलं, कंपनीने टूर दिली. कुणाला सोन्याचं नाणं, कुणाला मोटारसायकल. जा, मजा करा, माझं काही म्हणणं नाही. पण परत आल्यावर फॉर्म 26एएस उघडून बघितला का?

बऱ्याच जणांना अजून वाटतं की हे गिफ्ट म्हणजे लग्नातला आहेर, त्याला कसला टॅक्स? तसं नाही राव. धंद्यातून मिळालेला फायदा वस्तूच्या रूपात असला तरी ते उत्पन्नच, हे 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 28 मध्ये कित्येक दशकांपासून आहे. फक्त पकडायचं साधन नव्हतं. ते 1 जुलै 2022 ला आलं, कलम 194आर. एका कंपनीकडून वर्षात 20,000 रुपयांच्या वर फायदा मिळाला की 10 टक्के टीडीएस. पॅन दिला नसेल तर 20. आता टूरमधून कापणार काय? म्हणून नियम असा की टॅक्स भरल्याची खात्री झाल्याशिवाय कंपनीने टूर द्यायचीच नाही.

आणि 10 टक्क्यांवर भागत नाही. समजा, जोडीची टूर 1,50,000 ची. बायकोचा खर्चही तुमच्याच नावावर. टीडीएस 15,000. तुम्ही 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर एकूण टॅक्स 45,000, सेस वेगळा. म्हणजे वरचे 30,000 रोख भरायचे. पट्टायाचा फोटो विकून टॅक्स भरता येतो का?

काही जण म्हणतील, ती टूर नव्हती, डीलर मीटिंग होती. सीबीडीटीच्या जून 2022 च्या परिपत्रकात तेही आहे. डीलरला मालाची माहिती द्यायला, शंका सोडवायला भरवलेली परिषद फायद्यात धरत नाहीत. पण टार्गेटवाल्या निवडक डीलरांनाच नेलं, सोबत घरचे आले, फिरणं झालं, तर तो खर्च फायदाच.

त्याच परिपत्रकात एक कामाची गोष्ट आहे. बिलावरची सूट, कॅश डिस्काउंट, रिबेट यावर हा टीडीएस नाही. मार्जिन वाढलं की टॅक्स तिथेही लागतो, पण निदान पैसा हातात असतो.

मला मुख्य बोलायचंय ते इथेच. बिलात सूट मिळाली तर शेजारच्या दुकानाच्या चढाओढीत थोडी तरी शेतकऱ्यापर्यंत जाऊ शकते. टूरमधला एक रुपयाही औसा-निलंग्याच्या किंवा मुखेड-देगलूरच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनच्या पिशवीवर उतरत नाही. उलट टार्गेटला चार पेट्या कमी पडल्या की कुठलंतरी टॉनिक त्याच्या माथी बसतं. युरियासोबत नको तो माल गळ्यात मारतात म्हणून लिंकिंगविरुद्ध हेच दुकानदार ओरडतात. रास्त आहे. मग टूरबद्दल गप्प का?

रिटर्न भरायच्या आधी 26एएस आणि एआयएस दोन्ही सीएसमोर ठेवा. तिथे नोंद आहे आणि रिटर्नमध्ये उत्पन्न नाही, असं झालं तर नोटिशीला निमंत्रण. आणि पुढच्या बुकिंगला कंपनीचा माणूस आला की त्याला विचारा: टूरची किंमत किती धरणार, टॅक्स कोण भरणार, आणि तेवढेच पैसे बिलात देता का? काय म्हणतो ते खाली कमेंटमध्ये लिहा.