स्मृतिदिनाच्या यादीत कोण?



विठ्ठलवाडी स्टेशनवर उतरून आपणांपैकी अनेकजण ज्या उल्हासनगरात रोज कामधंद्यास जातात, ते नगर निर्वासितांनी वसविलेले आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे १ लाख लोकांनी तेथील दुसऱ्या महायुद्धाच्या वेळच्या लष्करी बराकींत आसरा घेतला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. फाळणीत बळी गेलेल्यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने २०२१ साली १४ ऑगस्ट हा ‘विभाजन विभीषिका स्मृतिदिन’ म्हणून जाहीर केला.

“हे दुःख त्यांचे, आपला त्याच्याशी काय संबंध?” असे आपल्यातील काहीजण विचारतील. त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांकडे पाहावे. पाकिस्तानात अडकलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, असे जाहीर आवाहन त्यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये केले. त्या वेळी ते देशाचे कायदेमंत्री होते. १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान सरकार आपल्या लोकांना बाहेर पडू देत नाही. सफाई कामगारांना तर ‘अत्यावश्यक सेवा’ या सदरात घालून एक महिन्याच्या नोटिशीशिवाय सोडावयास तयार नाही, अशी त्यांची तक्रार होती. इतरांना पळून जाण्याची तरी मुभा होती. यांना झाडूने बांधून ठेवले होते.

जे सीमा ओलांडून पूर्व पंजाबात पोहोचले, त्यांची कहाणीही त्याच पत्रात आहे. छावणीचे अधिकारी जातिभेद करून त्यांना आत घेत नसत आणि शिधा व कपडे मात्र छावणीत राहणाऱ्यांनाच मिळत. नियमात जातीचा उल्लेखही नव्हता. परंतु दार एकाने लावायचे आणि जेवण आत असलेल्यांनाच वाढायचे, हा न्याय नव्हे. वकिली करताना मी हेच शिकलो की, कायद्याचे शब्द वाचून भागत नाही. दाराबाहेर कोण उरला, हे पाहावे लागते.

सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात कलिंगयुद्धात ठार झालेले १ लाख लोक नोंदविले, तसेच बंदी करून नेलेले दीड लाखही नोंदविले. जेत्याने शत्रुपक्षाची हानी दगडावर कोरून पश्चात्ताप व्यक्त केला. बुद्धाच्या मार्गाने निघालेल्या आपणांस स्मरणाचा याहून चांगला आदर्श कोठे मिळणार?

म्हणून माझी विनंती अशी. येत्या १४ ऑगस्टला सिंधी शेजाऱ्यांच्या दुःखात मनापासून सहभागी व्हा. त्याच सभेत बाबासाहेबांचे ते पत्र वाचून दाखविण्याची मागणी करा. आणि घरी एक वही घाला. आपल्या कुटुंबातील, आपल्या गावातील जे कोणी अत्याचारास बळी पडले, त्यांचे नाव, गाव, तारीख व असतील ती कागदपत्रे वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर तीत नोंदवून ठेवा. यादीत नाव नसलेल्याचा दावा उभा राहत नाही, आणि त्याच्यासाठी दोन मिनिटे कोणी स्तब्ध उभेही राहत नाही.